एकरी डिझेल किती जातं? ट्रॅक्टर बदलू का नको?

चौदा_एकर
सोमवार, रात्री ९.४०

रामराम मंडळी. शेती बार्शी तालुक्यात, चौदा एकर. दहा एकर भारी काळी, बाकी मुरमाड. सोयाबीन-तूर, मागनं हरभरा नाहीतर ज्वारी. २०११ सालचा ४२ एचपीचा ट्रॅक्टर आहे. दोन फाळी पलटी नांगर, नऊ दाती मोगडा, साडेपाच फुटी रोटा (रोटाव्हेटर) आणि पेरणी यंत्र. आपलं उरकलं की गावात भाड्यानं कामं करतो.

परवा पंपावरच्या पावत्या काढून बसलो. जून ते जून बेरीज झाली १ लाख ३८ हजार. म्हणजे साधारण १५०० लिटर. मी तीनदा बेरीज केली. घरात कुणाला सांगितलं नाही, इथंच सांगतोय.

पुतण्या म्हणतो जुनं धूड विका, ५० एचपीचा नवा घेऊ, ॲव्हरेज चांगलं देतो. शोरूमवाला जुन्याचे अडीच लाख धरायला तयार आहे. वरून साडेपाच लाखांचं कर्ज. ट्रॅक्टर बदलून डिझेल खरंच किती वाचतं? ज्यांनी बदललाय त्यांनी आकडे सांगा. "चांगलं वाचतं" असं नको, लिटरमध्ये सांगा.

नवाकोरा५५
सोमवार, रात्री १०.०५

बिनधास्त बदला. मी मागच्या दिवाळीत ५५ चा घेतला. ५० एचपीच्या वरच्यांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ चा, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचा नियम लागू झालाय, त्यामुळे कॉमन रेलचं इंजिन येतं. डिझेल मोजून मारतं, धूर नाही, ताकद भरपूर. जुन्यापेक्षा तासाला लिटरभर तरी कमी पितो. जुना म्हणजे पांढरा हत्ती.

हिशेबनीस
सोमवार, रात्री १०.५०

नवाकोरा यांचा आकडा खरा धरू. तासाला १ लिटर वाचलं. धागाकर्त्याचे १५०० लिटर म्हणजे वर्षाला पावणेचारशे तासांच्या आसपास काम. म्हणजे पावणेचारशे लिटर, नव्वद-ब्याण्णवच्या भावानं ३४ हजार रुपये.

आता साडेपाच लाखांवर १० टक्के व्याज धरलं तरी पहिल्या वर्षाचं नुसतं व्याज ५५ हजार. मुद्दल वेगळं, विमा वेगळा. डिझेल वाचवायला ट्रॅक्टर घेणं म्हणजे दूध महाग झालं म्हणून म्हैस घेणं. म्हैस घ्या, पण दुधाचा हिशेब सांगून घेऊ नका.

नवाकोरा५५
सोमवार, रात्री १०.५८

काम लवकर उरकतं, त्याचा हिशेब कोण धरणार?

हिशेबनीस
सोमवार, रात्री ११.१०

त्याचा धरा की. पण त्यासाठी वाढीव काम हातात पाहिजे. गावात आधीच अकरा ट्रॅक्टर असतील तर लवकर उरकून पारावरच बसायचं ना?

नोझलवाले_मामा
मंगळवार, सकाळी ६.१५

तासगावात तीस वर्षं पान्हे फिरवतोय. पाटील, आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या, मग ट्रॅक्टर विका.

१. लोडवर धूर कसला? काळा, निळा का पांढरा?
२. एअर क्लिनरच्या बाऊलमधलं ऑइल शेवटचं कधी बदललं? "सर्व्हिसिंगला" असं उत्तर देऊ नका.
३. नोझल कधी काढून तपासल्या?
४. डिझेल पंपाचं सील कुणी तोडून "वाढवून" दिलंय का?
५. थर्मोस्टॅट जागेवर आहे का काढून फेकलाय?

पाचवा प्रश्न वाचून हसू नका. आमच्याकडं येणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरांत कितीतरी बिनथर्मोस्टॅटचे असतात. उन्हाळ्यात एकदा इंजिन गरम झालं की कुणीतरी तो काढून टाकतो. मग इंजिन कायम थंड चालतं. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, ऑइल खराब होतं, लायनर झिजतात. इंजिन गरम होतंय तर रेडिएटरच्या जाळीतला भुसा काढायचा, बेल्ट बघायचा. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडत नाही आपण.

आणि गळती. टाकीच्या कॉकला, फिल्टरला, पाइपच्या वॉशरला बोट लावून बघा. सेकंदाला एक थेंब म्हणजे तासाला १८० मिली. कॉक उघडा ठेवून रात्रंदिवस गळलं तर दिवसाला सव्वाचार लिटर. खाली माती काळी दिसली तरी लोक म्हणतात "जुना आहे, चालायचंच".

चौदा_एकर
मंगळवार, दुपारी १.३०

मामा, आता लाज वाटतेय. १) काळा, नांगराला तर भरपूर. २) आठवत नाही. ३) २०१९. ४) हो, एका मिस्त्रीनं वाढवून दिलाय, "रोटा जोरात चालंल" म्हणाला. ५) २०१६ च्या उन्हाळ्यात काढला. तुम्ही बघितलंय का माझं इंजिन?

नोझलवाले_मामा
मंगळवार, दुपारी २.१०

न बघता कळतं हो. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, तुमचेच पैसे वर चाललेत. पंप आणि नोझल चांगल्या कॅलिब्रेशनवाल्याकडं द्या, ज्याच्याकडं टेस्ट बेंच आहे त्याच्याकडं. कानानं सेटिंग करणाऱ्याकडं नको.

निवृत्त_यंत्रमास्तर
मंगळवार, रात्री ८.२०

मी कृषी अभियांत्रिकी शिकवण्यात उमर घालवली, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

चौदा एकर, तुम्ही डिझेल रुपयांत मोजलंत, उत्तम. पण "तासाला किती" हा प्रश्न सोडा, "एकरी किती" हा धरा. तासाला कमी पिणारा ट्रॅक्टर एकराला जास्त वेळ घेत असेल तर काय उपयोग? मोजायची रीत सोपी आहे. सपाट जागेवर टाकी गळ्यापर्यंत भरा. मोजलेल्या एक एकरात एकच काम करा. त्याच जागेवर, ट्रॅक्टरचं तोंड त्याच दिशेला ठेवून मापाच्या कॅननं परत गळ्यापर्यंत भरा. जेवढं मावलं तेवढं एकरी डिझेल. प्रत्येक अवजाराचं वेगळं लिहा.

आता ट्रॅक्टर-ट्रॅक्टरमधल्या फरकाबद्दल. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिथल्या चाचणी अहवालात प्रत्येक मॉडेलचा विशिष्ट इंधन वापर दिलेला असतो, म्हणजे एक किलोवॅट शक्ती तासभर द्यायला किती ग्रॅम डिझेल लागलं. घेणाऱ्यानं हा अहवाल विक्रेत्याकडे मागावा. शोरूममधलं "ॲव्हरेज" हा शब्द मोटारसायकलचा आहे. समजा एकाचा आकडा २५० आणि दुसऱ्याचा २७५. फरक दहा टक्के. कमी नाही. पण शेतात चाक २५ टक्के घसरत असेल तर तो दहा टक्क्यांचा फायदा पहिल्याच तासात मातीत जातो.

घसरण कशी मोजायची ते सांगतो, कारण हे कुणीच करत नाही. मागच्या टायरवर खडूनं रेघ मारा. नांगर वर उचलून त्याच रानात चाकाचे दहा फेरे चाला, अंतर टेपनं मोजा. मग नांगर लावून, नेहमीच्या खोलीवर, पुन्हा दहा फेरे. दुसरं अंतर कमी भरेल. किती टक्के कमी भरलं ती तुमची घसरण. नांगरटीला ८ ते १५ टक्के ठीक. वीसच्या वर गेली की डिझेलही जातं आणि टायरही. अगदी शून्याच्या जवळ असेल तर वजन फार झालंय, तेही बरं नाही.

घसरण वाढायची कारणं ही: मागच्या टायरमध्ये हवा जास्त, वजन कमी, फाळ बोथट, आणि नांगराची ओढ तिरकी. बरेच जण ट्रॉलीला हवा भरतात आणि तीच घेऊन नांगराला येतात. रस्त्याला १८-२० पाउंड ठीक, पण रानात मागच्या टायरला १२ ते १४ पाउंड बास होते. टायर थोडा बसला की जमिनीला जास्त चिकटतो. नक्की आकडा तुमच्या पुस्तिकेत बघा, टायरच्या मापावर अवलंबून आहे.

आणि त्या सीटजवळच्या दोन दांड्या. एक पोझिशन, दुसरी ड्राफ्ट. बहुतेक चालक दोन्हीही पोझिशनसारख्या वापरतात. नांगराला ड्राफ्ट कंट्रोल लावला तर कठीण पट्टा आल्यावर हायड्रोलिक नांगराला किंचित उचलतं, नांगराचं वजन मागच्या चाकावर येतं, चाक घसरायचं थांबतं. त्याचे पैसे तुम्ही २०११ मध्येच दिलेत.

शिरोळचा_गडी
मंगळवार, रात्री ९.०५

मास्तर, नाद खुळा. आमच्याकडं उलटं असतं. नांगरटीला चाकात पाणी भरलेलं असतंय आणि तसंच ऊस ओढायला जातंय. सहा महिने दोन-दोन क्विंटल पाणी रस्त्यावरनं उगंच फिरवायचं. मी गेल्या हंगामात गळीत सुरू व्हायच्या आधी पाणी काढलं आणि हवा वाढवली.

पण आमचं खरं डिझेल कारखान्याच्या यार्डात जातंय. नंबर लागेपर्यंत आठ-दहा तास. रांग दहा फूट सरकती म्हणून कुणी इंजिन बंद करत नाही. मी मोजलं, उभ्या-उभ्या तासाला एक लिटरच्या आसपास जातं. आता बंद करतो. बॅटरी नवी टाकली, कारण बंद न करायचं खरं कारण "परत सुरू नाही झाला तर" हेच होतं. हाफ सेल्फवर धक्का मारून चालणाऱ्या गाड्या डिझेल वाचवत नसतात.

नवाकोरा५५
मंगळवार, रात्री ९.३०

हे सगळं जुन्याला ठिगळ लावणं झालं. ठीक आहे, तुमची मर्जी.

वखरवाली
बुधवार, सकाळी ७.००

सगळे पुरुष मंडळी टायर अन् नोझलवर बोलून राहिले. मी दारव्ह्याची, अकरा एकर, नवरा नोकरीवर असते म्हणून शेती माझ्याकडे. मला एक सांगा दादा, सोयाबीनच्या एका एकरात तुमचा ट्रॅक्टर वर्षातून किती वेळा शिरते? मोजा बरं एकदा. एकरी डिझेलच्या आधी एकरी फेऱ्या मोजा.

चौदा_एकर
बुधवार, सकाळी ९.१५

ताई, नांगरट एक. मोगडा दोन, आडवा-उभा. रोटा एक, कधी दोन. पेरणी. मग हरभऱ्याला परत रोटा अन् पेरणी. फवारणी पाठीवरच्या पंपानं. म्हणजे सात-आठ.

वखरवाली
बुधवार, दुपारी १२.४०

मी चार वर्षांआधी तुमच्यासारखीच होती. आता माझ्या चार होतात. सोयाबीन काढलं की हरभऱ्याला नांगर नाही, रोटा नाही. जमिनीत ओल राहते, वखराची एक पाळी द्यायची अन् पेरून टाकायचं. रोटा मारून तुम्ही ती ओल उडवता अन् मग पहिल्या पाण्यासाठी मोटर लावता. तेही बिलच आहे ना बाप्पा?

उन्हाळ्यात एक खोल मोगडणी, अन् जूनमध्ये सरळ बीबीएफ, म्हणजे रुंद वाफा-सरीचं पेरणी यंत्र. एका फेरीत गादीवाफा पडते, बाजूची सरी पडते, खत पडते, बियाणं पडते. मागून डवऱ्यासाठी सरी मोकळी मिळते. पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जाते, कमी झाला तर सरीत मुरते. बियाणंही कमी लागते. यंत्र महाडीबीटीवर, सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर टाकलं होतं, लॉटरीत दुसऱ्या वर्षी नंबर लागला. अल्पभूधारक अन् महिलांना पन्नास टक्के आहे, बाकीच्यांना चाळीस. मर्यादा असते वरची, पूर्ण किमतीच्या पन्नास टक्के समजू नका.

नांगर मी तीन वर्षांतून एकदा घालते. गावातल्या लोकांनी पहिल्या वर्षी लय नावं ठेवली. "बाईमाणसाचं वावर, नांगरलंच नाही."

लव्हाळा_पीडित
बुधवार, दुपारी ३.२०

ताईंचं कौतुक आहे, पण सगळ्यांना चालेल असं नाही. माझ्याकडं हरळी आणि लव्हाळा. एप्रिलमध्ये खोल नांगरून काश्या उन्हात तापवल्या नाहीत तर पीक दिसत नाही. डिझेल वाचवायच्या नादात खुरपणीला माणसं लावायची, त्यांची मजुरी किती आहे माहीत आहे ना? शिवाय हुमणीचे कोष, अळ्यांचे कोष वर येतात ते नांगरटीनंच, पक्षी वेचून खातात.

निवृत्त_यंत्रमास्तर
बुधवार, रात्री ८.००

दोघांचंही आपापल्या रानापुरतं बरोबर. हरळीचा पट्टा असेल तर तेवढा नांगरा, सगळी चौदा एकर कशाला? शेत एकसारखं नसतं, आपण कामं मात्र एकसारखी करतो.

रोट्याविषयी एक वेगळी तक्रार माझी आहे. दरवर्षी रोटा मारला की वरची चार-पाच इंच माती पिठासारखी होते आणि तिच्या खाली पात्यांच्या मारानं कडक थर तयार होतो. पाणी खाली जात नाही, तुरीची मुळी तिथं आडवी वळते. मग तो थर फोडायला पुन्हा खोल नांगर किंवा सबसॉयलर. म्हणजे एका डिझेलनं केलेलं दुसऱ्या डिझेलनं मोडायचं. रोटा वाईट नाही, पण गावात तो आता देव्हाऱ्यातल्या घंटेसारखा झालाय. वाजवल्याशिवाय पूजा झाल्यासारखी वाटत नाही.

आणि सगळ्यात स्वस्त यंत्र म्हणजे वाफसा, म्हणजे रान ना चिखल ना कोरडं अशी ओल. वाफशावर असलेली काळी जमीन आणि एप्रिलमधली वाळून दगड झालेली तीच जमीन, नांगराच्या ओढीत जमीन-अस्मानाचा फरक. हंगाम संपल्याबरोबर ओल असताना नांगरलं तर निम्मी झुंज वाचते. पण तेव्हा सगळे लग्नाच्या तारखा बघत असतात.

कोकणी_खाचर
बुधवार, रात्री ९.४५

आमच्याकडे भात. पॉवर टिलरने उखळणी, मग चिखलणी, मग लावणी. मागची पाच वर्षे दोन खाचरांत एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) करतोय, नेरळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांची पद्धत. एकदा गादीवाफे केले की परत नांगरणी नाही, चिखलणी नाही. लोखंडी साच्याने खुणा पाडायच्या आणि टोकणी करायची. टिलर त्या खाचरांत गेलाच नाही, त्यामुळे डिझेल शून्य. गांडुळे इतकी झालीत की बगळे माझ्याच खाचरात.

प्रामाणिकपणे सांगायचे तर सुरुवातीला तण फार सतावते आणि तणनाशक वापरावे लागते. ज्यांना ते नको त्यांनी आधी विचार करावा.

सौरऊर्जा_भक्त
गुरुवार, सकाळी ८.१०

डिझेलचा विषय निघालाय तर इंजिनवरचे पंप विसरू नका. माझं नदीवर डिझेल इंजिन होतं, आता सौर पंप. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाचपर्यंत ५, वर साडेसात. सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींना पाच. कागदपत्रांची यादी सांगू का?

धागा_राखण
गुरुवार, सकाळी ८.३०

सौर पंपांचा वेगळा धागा आहे, ४०० प्रतिसाद झालेत, तिकडे या. इथे ट्रॅक्टरच राहू द्या.

बारावी_पास
गुरुवार, सकाळी ११.००

इलेक्ट्रिक ट्रॅक्टर घेतला तर? डिझेलच नको.

निवृत्त_यंत्रमास्तर
गुरुवार, दुपारी १.००

चांगला प्रश्न. सोनालिकाने डिसेंबर २०२० मध्ये टायगर इलेक्ट्रिक आणला, तो छोटा, बागेतल्या कामाचा. द्राक्ष, डाळिंब, गोठ्याची कामं, फवारणी यांना तो विचारात घेण्याजोगा. काळ्या रानात दिवसभर पलटी नांगर ओढणं ही बॅटरीची सगळ्यात अवघड परीक्षा. शिवाय आपल्याकडे शेतीची वीज रात्री-अपरात्री येते, चार्जिंग कधी लावणार तो हिशेब आधी करा.

चौदा_एकर
गुरुवार, रात्री १०.१५

सगळं वहीत उतरवून घेतलंय. एक अडचण मात्र मनातली बोलतो. आपल्या रानात फेऱ्या कमी करीन. पण भाड्याच्या गिऱ्हाइकाला मीच कसं सांगू की रोटा मारू नका? माझं भाडं बुडतं. १५०० लिटरमधलं हजारावर डिझेल भाड्याच्या कामातच जातं.

हिशेबनीस
गुरुवार, रात्री १०.४०

म्हणूनच तुम्हाला एकरी मोजायला पाहिजे. भाडं एकरावर मिळतं, डिझेल घड्याळावर जळतं. घसरण कमी झाली की मधला सगळा पैसा तुमचा.

वखरवाली
शुक्रवार, सकाळी ६.४५

दादा, रोट्याचं भाडं गावात सगळेच घेतात, म्हणून दर पडलेला असते. बीबीएफवाला आमच्याकडे तीन गावांत मिळून दोनच आहेत. पेरणीच्या आठ दिवसांत माझा भाचा रात्रीही पेरते. एक काम बुडते तर दुसरं उभं राहते.

चौदा_एकर
साडेतीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.२०

मंडळी, जिवंत आहे. आता आकडे.

आधी जसा होता तसाच मोजला, काही न दुरुस्त करता. मास्तरांनी सांगितलेली टाकीची रीत. काळ्या रानात पलटी नांगर, एकरी ८ लिटर १०० मिली. घसरण: नांगर उचलून दहा फेऱ्यांना ४०.५ मीटर, नांगर लावून ३१ मीटर. म्हणजे साडेतेवीस टक्के. टेपचं टोक पुतण्यानं धरलं होतं, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मागच्या टायरमध्ये हवा निघाली २२ पाउंड. फेब्रुवारीत मुरूम ओढला होता, तेव्हाची.

मग कामाला लागलो. पंप आणि नोझल बेंचवर. पंपाचं वाढवलेलं खाली आणलं. एका नोझलची फवारणी सरळ धार होती, बेंचवर स्वतः बघितलं, लहान पोरानं मुतावं तशी. नवा थर्मोस्टॅट, एअर क्लिनरचं ऑइल (बाऊलमध्ये तळाला दोन बोटं गाळ), डिझेल फिल्टर, कॉकचं वॉशर. सगळं मिळून ६,८०० रुपये. दोन्ही फाळ नवे टाकले, ते वेगळे. मागच्या चाकात पाणी भरलं, हवा १४. टॉप लिंक (नांगराचा वरचा जोडदांडा) अडीच आटे वाढवली, कारण नांगराची मागची बाजू हवेत होती. ड्राफ्टची दांडी पहिल्यांदा वापरली.

दरम्यान वळवाचा एक पाऊस झाला, त्यामुळं तुलना शंभर टक्के सारखी नाही हे आधीच सांगतो. पण त्याच गटातला पलीकडचा एकर: ६ लिटर ३०० मिली. घसरण साडेतेरा टक्के. धूर फक्त बांधाजवळ वळताना.

रोटा: पुतण्या रेस फुल करून चालवायचा. "आवाज आला पाहिजे" म्हणतो. मीटरवर पीटीओची (रोटा फिरवणाऱ्या मागच्या दांड्याची) खूण बघितली, आमच्या ट्रॅक्टरला ५४० फेरे १८०० ला मिळतात, हा २१०० ला चालवत होता. मोगडलेल्या भुसभुशीत रानात १७०० ला आणि एक गिअर वर टाकून चालवला, ढेकळं तेवढीच फुटली. ५ लिटर २०० वरून ४ लिटर ३००.

नोझलवाले_मामा
रविवार, रात्री ९.४५

झकास. रेस कमी आणि गिअर वर, हे हलक्या कामालाच हां. इंजिन दबून घुसमटायला लागलं, काळं ओकायला लागलं की लगेच एक गिअर खाली. नाहीतर डिझेल वाचवाल आणि बेअरिंगं घालवाल. आणि रोट्याची पाती बघितली का? झिजून टोकं गोल झाली असतील तर तेवढ्याच मातीला जास्त जोर लागतो.

चौदा_एकर
रविवार, रात्री १०.००

पाती बघितली, अकरा गेलीत. उद्या आणतो.

नवाकोरा५५
रविवार, रात्री १०.१०

मीही मोजलं. मी मागं पडलो असं म्हणणार नाही, पण माझ्या ५५ नं त्याच पद्धतीनं एकरी ६ लिटर ९०० आलं. घसरण १९. नवा ट्रॅक्टर, शोरूममधून आला तेव्हापासून हवा तपासलीच नव्हती. पुढची वजनंही डीलरनं दिली होती ती गोठ्यात पडून आहेत.

शिरोळचा_गडी
रविवार, रात्री १०.२५

ह्याला म्हणत्यात दिलदार माणूस.

निवृत्त_यंत्रमास्तर
सोमवार, सकाळी ७.३०

नवाकोरा, तुमचं इंजिन खरोखर चांगलं आहे, ते मी नाकारत नाही. १९ वरून १२-१३ वर आणा आणि पुन्हा मोजा, तुम्ही चौदा एकरांच्या पुढं जाल. एक विचारतो: तुमचं शेत लांबट आहे का चौकोनी? लांब तास धरून नांगरलं तर वळणं कमी होतात. आडवं नांगरून बांधाशी पन्नास वेळा वळण्यात किती वेळ जातो तो कधीतरी घड्याळ लावून बघा.

हिशेबनीस
सोमवार, सकाळी ९.००

चौदा एकर, मग ट्रॅक्टर?

चौदा_एकर
सोमवार, दुपारी १.१५

विकत नाही. शोरूमवाल्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला ऑफर महिनाअखेरपर्यंतच आहे. म्हटलं असू दे.

पुतण्या थोडा फुगलाय, पण डिझेलची वही आता तोच लिहितो. परवा एकरी ५ लिटर ८०० लिहिलं. मी खूश. नंतर जाऊन बघितलं तर विहिरीकडचं कोपऱ्यातलं पाच-सहा गुंठे राहिलंच होतं. म्हणाला तिथं दगड लागतो.

बीबीएफचा अर्ज महाडीबीटीवर भरला. नंबर कधी लागेल तेव्हा लागेल. यंदा चार एकर भाड्यानं बीबीएफवर पेरायचा विचार आहे, आमच्या भागात कुणाकडं मिळतं ते शोधतोय. ताई, जूनमध्ये तुमच्याकडं येऊन पेरणी बघितली तर चालेल का? पुतण्यालाही आणतो.

वखरवाली
सोमवार, रात्री ८.५०

या ना. पण पेरणीच्या दिवशी येऊ नका, त्या दिवशी मला बोलायची फुरसत नसते. उगवण झाल्यावर या, पहिला मोठा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी. माझं वावर अन् धुऱ्यापलीकडचं शेजाऱ्याचं, दोन्हीत पाणी कुठं उभं आहे ते पुतण्याला पाहू द्या. येताना टेप घेऊन या, आमच्या ट्रॅक्टरचीही घसरण मोजून द्या.